वाटणीला आलेला अर्धा वाइस

मी एक जुना वाइस आहे, मित्रांनो. पण पहिल्याच वाक्यात खोटे बोलायला नको, म्हणून लगेच सांगून टाकतो: मी अर्धाच वाइस आहे. वाइस म्हणजे लोखंडाचे दोन जबडे. एक जागेवर पक्का बसलेला आणि दुसरा दांडा फिरवला की पुढेमागे सरकणारा. दोघांच्या मध्ये वस्तू घट्ट धरली की कारागिराचे दोन्ही हात कामाला मोकळे होतात. मी त्यातला पक्का जबडा. माझा सरकता जबडा आणि त्याला पुढेमागे नेणारा जाड आट्यांचा स्क्रू आता माझ्यापाशी नाही. तो मोडला नाही, झिजला नाही, चोरीलाही गेला नाही. दोन सख्ख्या भावांनी मला वाटून घेतले. जमीन वाटतात, भांडी वाटतात, हे तुम्ही ऐकले असेल. वाइस वाटून घेणारे शहाणे मात्र आमच्या नाशिकरोडलाच निपजले.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. तिथल्या आठवणी फार नाहीत. खूप उष्णता, मग अंधार, मग कानशीचे घासणे आणि शेवटी अंगावर निळा रंग. आगगाडीने मी नाशकात आलो आणि रविवार कारंज्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात फळीवर जाऊन बसलो. तिथे मला मल्हारी भेटला.

मल्हारी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होता. उंच, सडसडीत, बोलायला कमी. तो दुकानात यायचा, माझा दांडा फिरवायचा, जबडे उघडायचा, मिटायचा आणि काही न घेता निघून जायचा. दुकानदार म्हणायचा, "मिस्तरी, एवढं फिरवून त्याचे आटे झिजतील, मग तुम्हीच विकत घेतला असं समजू का?" शेवटी १९७३ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मल्हारीने मला गोणपाटात गुंडाळले, सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने आवळले आणि घरी नेले.

घरी त्याची बायको चांगुणा ते ओझे पाहून हरखली. तिला वाटले, कुकर आला. तिने गोणपाट उलगडले आणि माझे तोंड पाहून तिचे तोंड उतरले.

"हे कशाला? एकलहऱ्याला असले पन्नास असतील," ती म्हणाली.

"ते सरकारचे. हा आपला," मल्हारी म्हणाला. "मागं वर्कशॉप बांधायचं. मी अन् यादव. ड्यूटीवरून आलं की आपल्या घरचं काम आपल्या जागेत करायचं."

"वर्कशॉप कुठंय?"

"होईल."

ओट्यावर बसलेले म्हातारे गोटीरामबाबा हसले. ते मल्हारीचे वडील, रेल्वेत गँगमन म्हणून उभा जन्म रुळांवर घालवलेले. "आधी कळस मग पाया," ते म्हणाले. आणि खरोखर पुढची दोन वर्षे मी खाटेखाली कांद्याबटाट्यांच्या शेजारी कळस होऊन पडलो होतो.

गोटीरामबाबांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी छप्पन साली धम्म घेतला आणि घरातली पूजाअर्चा त्या दिवसापासून बंद झाली. दसऱ्याला सगळ्या आळीत हत्यारांना हळदकुंकू लागे. आमच्या घरी लागत नसे. पण त्या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार अंगणात यायचे. खिळेकाढणीपासून कुऱ्हाडीपर्यंत सगळे रॉकेलने धुवायचे, पुसायचे आणि तेल लावून ठेवायचे. बाबा म्हणत, "हत्याराला हात जोडू नका, तेल द्या." खाटेखालून मलाही बाहेर काढले जाई. अजून एकही वस्तू माझ्या जबड्यात गेली नव्हती, तरी माझे आटे तेलाने चमकत असत. त्या घरात मला पहिले सुख मिळाले ते हे, आणि खरे सांगायचे तर शेवटपर्यंत टिकले तेही एवढेच.

धाकटा यादव सातपूरच्या एका कंपनीत कामाला होता. ठेंगणा, भरल्या अंगाचा, हाताने मल्हारीपेक्षा साफ. हे मी सांगतो, कारण दोघांची कानस माझ्यावर चालली आहे. मल्हारीचे काम पक्के असे आणि यादवचे सुंदर. पण थोरला तो थोरला. कुणी दारात आले की "मल्हारी मिस्तरी आहेत का?" असेच विचारायचे, आणि यादवला तेव्हा त्यात वावगे वाटत नव्हते.

पंच्याहत्तर साली वर्कशॉपची आखणी झाली तो दिवस मी विसरणार नाही. कागदबिगद काही नव्हते. दोघा भावांनी मागच्या अंगणात चुन्याची फक्की मारून खऱ्या मापाच्या भिंती जमिनीवरच काढल्या. दार कुठे, खिडकी कुठे, भट्टी कुठे, सगळे पांढऱ्या रेघांत. मग दोघे त्या रेघांच्या आत उभे राहून खोटे खोटे काम करू लागले. मल्हारी हवेत कानस चालवायचा, यादव हवेत हातोडा उचलायचा, आणि एकाचे कोपर दुसऱ्याला लागते का ते पाहून रेघ इकडची तिकडे सरकायची. उन्हाचा त्रास नको आणि दिवसभर सारखा उजेड हवा, म्हणून खिडकी उत्तरेला घेतली. खिडकीखाली बेंच, बेंचच्या मधोमध मी.

तेवढ्यात चांगुणा चहा घेऊन आली आणि सरळ रेघ ओलांडून आत शिरली.

"अगं, भिंतीतून काय येतेस? दारातून ये," मल्हारी ओरडला.

ती बिचारी चहा सांडू न देता मागे वळली, रेघेच्या कडेने फिरून दारापाशी गेली आणि हवेतच कडी वाजवली. यादवने पुढे होऊन नसलेले दार उघडले, "या वहिनी, या." गोटीरामबाबांना हसता हसता ठसका लागला. मित्रांनो, हे घर किती हसणारे होते ते तुम्हाला कळावे म्हणून एवढे सांगितले. पुढे हसण्यासारखे फार नाही.

बांधकाम भावांनी स्वतः केले. विटा रचल्या, वर सिमेंटचे पत्रे टाकले, तेल सांडले तरी पुसता यावे म्हणून खाली शहाबादी फरशी घातली. बेंचसाठी बाबांनी पुलावर रुळांखाली घालतात तसला एक लांबरुंद जुना सागवानी स्लिपर रेल्वेच्या लिलावातून मिळवला. तो आत आणायला सहा माणसे लागली. मग प्रश्न आला उंचीचा. वाइसचा माथा कारागिराच्या कोपराला लागावा असा रिवाज आहे. खाली राहिला तर कंबर जाते, वर राहिला तर खांदा. आता एकाचे कोपर उंच, दुसऱ्याचे ठेंगणे. काय करावे?

"दोघांच्या मधलं माप धरू," मल्हारी म्हणाला.

"म्हणजे दोघांच्याही कंबरा जातील," यादव म्हणाला. "तुझ्याच मापानं ठेव, दादा. मी खाली कायतरी घेऊन उभा राहीन."

चांगुणाने घरातला जेवायचा पाट आणून दिला. आपला नवरा जेवताना खाली फरशीवर बसेल, पण दीर पाटावर उभा राहिला पाहिजे, असे ती चेष्टेने म्हणायची. त्या पाटावर यादवचे पाय आणि माझ्या माथ्यावर त्याचे हात, अशी पाच-सहा वर्षे गेली. ती माझी भरभराटीची वर्षे. आळीतले स्टोव्ह, सायकली, हातपंपाचे दांडे, विहाराच्या फाटकाची कडी, शेतातले नांगराचे फाळ, काय काय माझ्या जबड्यातून गेले. शेजारपाजाऱ्यांकडून मल्हारी काही घेत नसे. आणि बाहेर नाव झाले ते असे: मल्हारीचं वर्कशॉप.

ऐंशी साली गोटीरामबाबा गेले. त्यांच्या पाठोपाठ वर्षभरात यादवच्या कंपनीला टाळे लागले. यादवचे लग्न होऊन झुंबर घरात आली होती. आता वर्कशॉप हा त्याच्यासाठी संध्याकाळचा विरंगुळा राहिला नाही, तीच त्याची भाकरी झाली. एके दिवशी पाटावर उभे राहूनच त्याने विषय काढला.

"दादा, बाहेर एक पाटी लावू का? माझं नाव टाकून. तू ड्यूटीवर असलास की लोक दारातून परत जातात. मी आत असून परत जातात."

मल्हारी कानशीत अडकलेला कीस ब्रशने काढत होता. त्याने मान वर केली नाही. "घरातल्या खोलीला पाटी कशाला? आपलं काय दुकान हाय?"

"माझं हाय ना."

"नावात काय पडलंय, यादव? तुझं माझं येगळं हाय का?"

हे वाक्य ऐकायला किती गोड आहे. पण ज्याचे नाव आधीच सगळ्यांच्या तोंडी आहे त्याने "नावात काय" म्हणणे, हे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. मल्हारी वाईट नव्हता. त्याला खरोखर वाटत होते की थोरल्याच्या सावलीत धाकट्याचेही झाकून जाते. झाकून जाते हे खरेच होते.

मग आला तो हूक. दोघा भावांचे मामा, बहिरूमामा, लासलगावला राहत. त्यांच्या ओळखीचा एक कांदा व्यापारी ऐन हंगामात ट्रॅक्टर घेऊन दारात आला. ट्रॉली जोडायचा हूक तडकला होता, ट्रॉलीत माल भरलेला, मार्केटला लिलाव सुरू होणार. मल्हारी ड्यूटीवर. व्यापारी परत फिरणार तेवढ्यात यादव म्हणाला, "मी करतो." त्याने छोट्या भट्टीत सळई तापवली, वाकवली, माझ्या जबड्यात धरून दुपार टळेपर्यंत घासली. त्या दिवशी घामाचे थेंब माझ्या माथ्यावर टपटपत होते. हूक असा बसला की जणू कारखान्यातूनच आला होता. व्यापारी घाईत निघून गेला.

हंगाम संपल्यावर तो परत आला. या वेळी हातात कांद्याची गोणी, टॉवेल आणि टोपी. आमच्याकडे कुणाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. रविवार होता, मल्हारी घरी होता. आळीतले चार लोकही जमले.

"मल्हारी मिस्तरी, तुमच्या हुकानं लाज राखली," व्यापारी म्हणाला. त्याच्या लेखी वर्कशॉप मल्हारीचे, म्हणून कामही मल्हारीचेच; यादव नुसता हाताखालचा. त्याने मल्हारीच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

यादव खिडकीपाशी पाटावर उभा होता. त्याच्या हातातली कानस माझ्या जबड्यातल्या पट्टीवर चालता चालता थांबली. तो वाट पाहत होता. मीही वाट पाहत होतो. मल्हारीने टॉवेल सारखा केला, हात जोडले आणि म्हणाला, "बसा ना, चहा घ्या."

बस्स. पुढे काही बोलला नाही. कानस पुन्हा सुरू झाली, पण इतक्या जोरात की पट्टी वाकडी घासली गेली. यादवच्या हातून वाकडे घासलेले ते मी पहिल्यांदा पाहिले.

त्या रात्रीपासून दोघे जेवायला वेगळे बसू लागले, आणि पावसाळा संपता संपता यादवने वाटणी मागितली. घरात चांगुणा आणि झुंबर रडल्या. मल्हारी मात्र चिडला. "माझ्याच घरात मला परका करतो," असे तो येईल त्याला सांगू लागला. का मागतोस, हा प्रश्न त्याने यादवला एकदाही विचारला नाही. विचारला असता तर उत्तर ऐकावे लागले असते.

वाटणीला बहिरूमामा आले. घराच्या खोल्या वाटायला वेळ लागला नाही. अडले ते वर्कशॉपवर. आमच्याकडे वाटणीचा जुना रिवाज आहे. थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही, कारण वाईट वाटा आपल्याच गळ्यात येईल ही भीती त्याला असते. शहाणा रिवाज आहे. पण शहाण्या रिवाजाला वेडे भाऊ मिळाले की काय होते ते पाहा.

मल्हारीने फरशीवर दोन गोणपाटे अंथरली. एकावर मी, दुसऱ्यावर हाताचे ड्रिल, भाता आणि कानशींचा संच. मामा म्हणाले, "बरोबर हाय. उचल यादव."

यादव उचलेना. "वाइसच्या बरोबरीचं दुसरं काय हाय या घरात?" तो म्हणाला. "वाइस तिकडं गेला तर मी कानस काय तोंडात धरून चालवू? अन् वाइस मी घेतला तर कानस नाय. हे काय वाटे झाले?"

"मग सारखे पायजेत ना तुला?" मल्हारी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होते. "एकदम सारखे करतो. कुणी म्हणायला नको."

आणि त्याने कानशी एकाआड एक वाटल्या. ड्रिल एका गोणपाटावर, ड्रिलची पाती दुसऱ्यावर. भाता इकडे, त्याची नळी तिकडे. हातोड्याचे डोके इथे, दांडा तिथे. मामा "अरे, अरे" म्हणत राहिले. मग तो माझ्याकडे आला. फिटरच तो, त्याला कितीसा वेळ लागणार? दांडा फिरत राहिला, स्क्रू बाहेर येत राहिला, आणि सरकता जबडा माझ्यातून सुटून त्याच्या हातात आला. आत पहिल्यांदाच वारा शिरला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. तो स्क्रू गोणपाटावर ठेवण्याआधी मल्हारीने तेलाची बुधली घेतली. आटे पुसले, तेल दिले आणि मगच ठेवला. भावाला उद्ध्वस्त करताना त्याच्या हाताला हत्यार कोरडे ठेवणे जमले नाही. माणसाचे हात शहाणे आणि डोके मूर्ख असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

"उचल," मल्हारी म्हणाला.

यादवने सरकत्या जबड्याचे गोणपाट उचलले. मी मल्हारीकडे राहिलो.

खोलीच्या मधोमध भिंत घालायचे ठरले. ती खिडकीच्या बरोबर मध्ये येत होती, म्हणून खिडकीची एकेक झडप एकेकाच्या वाट्याला आली. उरला बेंच. मामा म्हणाले, "उद्या सुतार बोलवा."

"सुतार कशाला?" दोघे भाऊ एकदमच म्हणाले, आणि एकदम म्हटले गेले याचाच दोघांना राग आला.

पुलाचा स्लिपर कापायला दोघांनी ओढायची मोठी करवत लागते. तिचा एकच नियम आहे: फक्त ओढायचे, ढकलायचे नाही. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा, म्हणजे समोरच्याला ओढता येते. दोघे दोन्ही बाजूंना उभे राहिले. यादवने सवयीने पायाखाली पाट घेतला. करवत चालू लागली. एकाने ओढली की दुसरा सैल, दुसऱ्याने ओढली की पहिला सैल. एक शब्द नाही, एक अडखळ नाही. जिथे माझे बोल्ट होते तिथूनच ती खाली उतरत गेली. दारात उभी राहून चांगुणा आणि झुंबर पाहत होत्या. इतके सुरात काम त्या दोघांनी कधीच केले नव्हते, आणि ते केले ते बेंचचे दोन तुकडे करायला. मला हसू आले की रडू, ते अजून ठरवता आलेले नाही.

भिंत उभी राहिली. यादवने आपल्या बाजूला नवे दार पाडले, ते मागच्या बोळात उघडत असे. आता मल्हारीच्या खोलीतून यादवच्या खोलीत जायचे तर घरातून बाहेर पडा, रस्त्याने वळा, बोळात शिरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मीच होतो.

पुढच्या वर्षांबद्दल काय सांगू? पक्का जबडा एकटा काय धरणार? मल्हारी माझ्या पाठीवर वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा. कधी मी दाराला टेकू म्हणून असायचो. नवा वाइस त्याने घेतला नाही. घेतला असता तर जुना उगाच मोडला हे कबूल करावे लागले असते, आणि तेवढे त्याला परवडणारे नव्हते. शेजारीही येईनासे झाले. आले तरी वाइस नाही म्हणून परत जायचे. आता मल्हारी आत असून लोक दारातून परत जात होते.

दसऱ्याला मात्र तो मला अंगणात न्यायचा. रॉकेलने धुवायचा आणि माझ्या पोटातल्या नटाच्या रिकाम्या आट्यांत बोट घालून तेल लावायचा. चांगुणा एकदा म्हणाली, "कुणासाठी तेल घालता? जायचं तर बोळातून चार पावलं हायत."

"तोही घालत असंल त्याच्यात," मल्हारी म्हणाला. "यादव हत्यार कोरडं ठेवायचा नाय. रिटायर झालो की जाईन. मग दोघं बसू."

तेवढीच आशा त्याने जपली होती. सेवानिवृत्तीनंतर भावाबरोबर एका वाइसवर काम करायचे. पण आधी यादवने यावे, असे त्याला वाटे. पलीकडे यादवलाही वाटत असणार की आधी दादाने यावे. तुझे माझे जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, अशी ती गत.

आणि एका उन्हाळ्यात मला भिंतीपलीकडून आवाज आला. कुर्र, कुर्र, मग थोडे थांबून पुन्हा कुर्र. मित्रांनो, आपल्या गुडघ्याचा आवाज आपल्याला ओळखू येतो. तो माझा स्क्रू होता. पण तो वाइसमध्ये फिरत नव्हता, कारण वाइस तर इकडे भिंतीला टेकून पडला होता. मी समजलो. त्या दिवशी संध्याकाळी चांगुणा बोळातून आली ती पदराआड शेवयांचा पुडा घेऊन. जावाजावांचे येणेजाणे कधीच तुटले नव्हते. तिने मल्हारीला खीर केली.

"शेवया कुठल्या? एकसारख्या आल्यात," मल्हारी वाटी पुसून खात म्हणाला.

"आणल्या आळीतून," चांगुणा म्हणाली आणि माझ्याकडे बघायचे टाळत चुलीकडे वळली. तिला सगळे ठाऊक होते.

मल्हारी अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाला. एकलहऱ्याला हार-तुरे झाले, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला उचलले, पुसले आणि खांद्यावर घेतले.

"कुठं निघालात?" चांगुणाने विचारले.

"यादवकडं."

"नका जाऊ."

"किती वर्षं धरून बसायचं? मी थोरला ना? मीच जातो."

चांगुणाला सांगता आले असते. तिने तोंड उघडलेही होते. पण इतक्या वर्षांनी हा माणूस आपण होऊन निघाला आहे, त्याला अडवायचे तरी कसे, हे तिला कळले नसावे. ती दारात उभी राहिली.

रस्ता, वळण, बोळ. यादवचे दार उघडेच होते. आत झुंबर फरशीवर बसून शेवयांचा साचा चालवत होती. मल्हारीला पाहून ती गडबडीने पदर सावरत उठली, "या भाऊजी, बसा." यादव बेंचपाशी उभा होता. त्याच्या पायाखाली तोच पाट होता.

मल्हारीने मला बेंचवर ठेवले, कापलेल्या कडेपाशी, जिथे माझ्या बोल्टांची अर्धी भोके अजून दिसत होती. "काढ तुझा जबडा," तो म्हणाला. "बसवू. आटे मी कोरडे पडू दिले नाय."

 यादव नुसता साच्याकडे पाहत राहिला. मल्हारीनेही पाहिले. साच्याची चौकट माझ्या सरकत्या जबड्यामागच्या जाड लोखंडी दांड्यापासून केलेली होती, दोन तुकडे करून. वरून खाली दाबणारा जाड आट्यांचा स्क्रू माझा होता, निम्म्याहून आखूड. त्याच्या डोक्यावर झुंबरचा हात अजून पिठाने पांढरा टेकलेला होता.

मल्हारी खाली बसला. त्याने स्क्रूच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. सवयच ती.

"काप सरळ आलाय," तो म्हणाला.

"पायाखाली दाबून कापला," यादव म्हणाला. "वाइस नव्हता."

झुंबर हळू आवाजात म्हणाली, "पोटाला काहीच नव्हतं तवा, भाऊजी. याच्यावर निभलं."

"निभलं ना? बरं झालं." मल्हारी उठला. त्याची नजर पाटावर गेली. "बेंचचे पाय का नाय कापले तू? तुझ्या मापाचा झाला असता. आता तर तुझाच होता."

"माप तुझं होतं, दादा," यादव म्हणाला.

मल्हारीने मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग तो घरी जायला वळला आणि सरळ भिंतीकडे चालू लागला. बेंच जिथे पूर्वी पुढे जायचा, त्या दिशेने. हात लांब करून त्याने विटांना हात लावला, तेव्हा त्याला कळले.

"भिंतीतून काय जातोस, दादा?" यादव म्हणाला.  "दारातून जा."

मला तो तिथेच ठेवून गेला. आता यादव माझ्या पाठीवर पत्रा ठोकतो. समोर माझा उरलेला भाग दिवसभर शेवया पाडतो. आम्ही एका खोलीत आहोत आणि पुन्हा कधी जुळणार नाही. मल्हारी पुढच्या ओट्यावर बसून असतो. येणारेजाणारे त्याला अजून मिस्तरी म्हणतात. तो हातांकडे बघत बसतो.

मित्रांनो, हत्याराला हात जोडू नका, तेल द्या, असे गोटीरामबाबा म्हणत. ते दोघांनीही पाळले. माझे आटे कधी गंजले नाहीत. पण माणसालाही वेळेवर तेल लागते, हे त्यांना कुणी सांगितले नसावे. म्हणून मी तुम्हाला सांगतो. काम ज्याने केले, त्याचे नाव चार लोकांत मोठ्याने घ्या. त्या रविवारी खांद्यावर टॉवेल पडला तेव्हा "हूक यादवने केला" एवढे तीन शब्द मल्हारीला बोलायचे होते. तेवढे तेल वेळेवर मिळाले असते, तर मी आज अख्खा असतो.